पराभवाची गुणपत्रिका

३१ मे २०१८ च्या रात्री अमेरिकेतील ओकलंड शहरात व्यावसायिक बास्केटबॉलच्या अजिंक्यपदासाठी होणाऱ्या अंतिम मालिकेचा पहिला सामना चालू होता. गोल्डन स्टेट वॉरिअर्स आणि क्लीव्हलँड कॅव्हेलिअर्स हे दोन संघ. खेळाचे अवघे ४.७ सेकंद शिल्लक. आणि क्लीव्हलँड एका गुणाने मागे. अशा वेळी क्लीव्हलँडच्या जॉर्ज हिलला दोन फ्री थ्रो मिळाले. पहिला त्याने साधला आणि १०७-१०७ अशी बरोबरी झाली. दुसरा चुकला. परंतु कड्यावरून उसळलेला चेंडू क्लीव्हलँडच्याच जे. आर. स्मिथने शिताफीने पकडला. टोपली अगदी जवळ होती. स्मिथ मात्र टोपलीकडे न वळता चेंडू घेऊन मध्यरेषेच्या दिशेने निघाला. सहकारी लेब्रॉन जेम्स हात पसरून त्याला टोपली दाखवीत राहिला, आणि तेवढ्यात संधी निघून गेली. जादा वेळेत क्लीव्हलँडचा संघ पार ढेपाळला आणि सामना १२४-११४ असा हरला. त्या पराभूत संघातर्फे एकट्या जेम्सने ५१ गुण केले होते.

अशा सामन्यानंतर करावयाचा एक विधी अमेरिकी क्रीडापत्रकारितेत आता रुळून गेला आहे. पराभूत संघातील एकेका खेळाडूचे नाव घ्यावयाचे आणि शाळेतील गुणपत्रिकेप्रमाणे त्याच्यापुढे ‘ए’पासून ‘एफ’पर्यंत एक अक्षर मांडावयाचे, खाली दोन ओळींचा शेरा. वाचकाला हे आवडते, कारण निकाल लावणे कोणालाही आवडते. दहा-बारा नावे, दहा-बारा अक्षरे. पाच मिनिटांत न्याय झाल्याचे समाधान. हा न्याय खरोखर न्याय असतो काय, हा प्रश्न वरवर केवळ क्रीडारसिकांचा वाटेल. वस्तुतः तो, जेथे जेथे अनेकांनी मिळून काम करावयाचे आणि अपयशाचा हिशेब मात्र एकेकट्याच्या नावावर मांडावयाचा अशी व्यवस्था आहे, त्या प्रत्येक ठिकाणचा प्रश्न आहे.

एक शब्द, तीन अर्थ

मराठीत ‘गुण’ हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. सामन्याच्या फलकावर लागतात तेही गुण, परीक्षेत मिळतात तेही गुण, आणि माणसाच्या अंगी असतात तेही गुणच. पराभवानंतरच्या गुणपत्रिकांचा सारा घोटाळा या तीन अर्थांच्या सरमिसळीतून होतो. फलकावर संघाचे गुण कमी पडले, म्हणून कोणाचे तरी परीक्षेतील गुण कापले पाहिजेत असे वाटू लागते. आणि परीक्षेतील गुण कापले गेले की त्या माणसाच्या अंगीच गुण नाहीत, असा ग्रह होऊन बसतो. स्मिथच्या बाबतीत नेमके हेच घडले. त्या रात्रीपासून जगभर त्याची ओळख ‘चेंडू घेऊन उलट पळालेला मनुष्य’ एवढीच उरली.

परंतु त्या क्षणाचा जमाखर्च जरा थंड डोक्याने मांडून पाहावा. हिलने दुसरा फ्री थ्रो साधला असता, तर स्मिथचा प्रश्नच उद्भवला नसता. हिल हा सर्वसाधारणपणे दहापैकी आठ फ्री थ्रो साधणारा खेळाडू. म्हणजे त्याच्या हातूनही अधूनमधून चूक होणे हे हिशेबात धरलेलेच होते. क्लीव्हलँडजवळ एक टाइमआउट शिल्लक होता. स्मिथने चेंडू पकडताच तो मागता आला असता. प्रशिक्षकाने मागितला नाही, आणि मैदानावरील इतर चौघांपैकीही कोणी मागितला नाही. त्यापूर्वी, शेवटच्या मिनिटात क्लीव्हलँड दोन गुणांनी पुढे असताना, पंचांनी प्रथम दिलेला निर्णय चित्रफीत पाहून फिरविला होता आणि त्यातून वॉरिअर्सच्या केव्हिन ड्युरंटला बरोबरी साधून देणारे दोन फ्री थ्रो मिळाले होते. आपला संघ एका गुणाने पुढे आहे असे स्मिथला वाटले, असे प्रशिक्षक टायरन लू यांनी सामन्यानंतर सांगितले. स्मिथने स्वतः ते नाकारले. ज्या चुकीबद्दल सर्वांची खात्री होती, ती चूक नक्की कोणत्या प्रकारची होती याविषयीसुद्धा एकवाक्यता नव्हती. आणि हे सारे मान्य केले, तरी सामना तेथे संपला नव्हता. पाच मिनिटांची जादा वेळ उरलेली होती आणि त्या पाच मिनिटांत क्लीव्हलँडने ७ तर वॉरिअर्सने १७ गुण केले. मग ‘एफ’ कोणाला द्यावयाचा?

येथे कोणी म्हणेल की, असा कीस काढत बसल्यास जगात कोणीच कशाला जबाबदार राहणार नाही. हा आक्षेप गंभीर आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. सगळ्यांची जबाबदारी ती कोणाचीच नव्हे, हा अनुभव आपल्याकडे इतका जुना आहे की त्याची म्हणच झाली आहे : बारभाईची शेती, काय लागणार हाती. संघाचा पराभव हा संघाचाच, व्यक्तीचा त्याच्याशी संबंध नाही, असे एकदा ठरले की कष्ट करणारा आणि अंग चोरणारा एकाच पंक्तीला बसतात. आणि लवकरच कष्ट करणाराही अंग चोरू लागतो. तेव्हा व्यक्तीच्या कामगिरीचे मोजमाप करू नये, असे म्हणण्यात शहाणपण नाही. प्रश्न आहे तो हे मोजमाप कशाचे, कोणी आणि केव्हा करावयाचे हा.

दोन हमालांचा प्रश्न

अर्थशास्त्राला हा पेच चांगलाच परिचित आहे. आर्मेन अल्चियन आणि हॅरॉल्ड डेमसेट्झ या दोन अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात एक साधे उदाहरण दिले आहे. दोन माणसे मिळून जड माल उचलून ट्रकमध्ये चढवीत आहेत. दिवसाअखेर किती माल चढला, हे मोजता येते. परंतु त्यात पहिल्याचा वाटा किती आणि दुसऱ्याचा किती, हे चढलेल्या मालाच्या वजनाकडे पाहून कधीही सांगता येणार नाही. कारण ते ओझे दोघांनी निम्मे-निम्मे उचललेले नसते. दोघे असल्यामुळेच ते उचलले गेलेले असते. एकाला बाजूला केल्यास माल निम्मा चढत नाही, मुळीच चढत नाही. अशा उत्पादनाला ‘सांघिक उत्पादन’ म्हणतात आणि त्याची बेरीज-वजाबाकी करून प्रत्येकाचा हिस्सा वेगळा काढता येत नाही.

बास्केटबॉल हा अशा उत्पादनाचा नमुनाच होय. जेम्स नाइस्मिथ यांनी १८९१ साली मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे हा खेळ निर्माण केला. वाय.एम.सी.ए.च्या संस्थांमार्फत तो जगभर पसरला आणि आपल्याकडे मुंबईच्या नागपाड्यासारख्या वस्तीत चांगलाच रुजला. मैदानावर एका बाजूचे पाचच खेळाडू, चेंडू एक. याचा अर्थ कोणत्याही क्षणी पाचांपैकी चौघांच्या हाती चेंडू नसतो. तरीही चेंडूवाल्याचे काय होणार, हे पुष्कळदा ते चौघेच ठरवितात. एक जण प्रतिस्पर्ध्याच्या वाटेत भिंतीसारखा उभा राहतो आणि त्याच्या आडोशाने सहकारी मोकळा होतो. दुसरा दूरच्या कोपऱ्यात नुसता उभा असतो. पण तो तेथून अचूक फेक करील या धास्तीने एक प्रतिस्पर्धी त्याच्याजवळ अडकून पडतो आणि मधली वाट मोकळी होते. गुण लागतात ते तिसऱ्याच्या नावावर. त्या दोन गुणांत आडोसा देणाऱ्याचा वाटा किती आणि नुसत्या उभ्या राहिलेल्याचा किती? मालाचे वजन पाहून हमालांचे श्रम सांगण्यापैकीच हा प्रकार आहे.

न लिहिलेले गुण

यावर कोणी म्हणेल की, हे आकड्यांचे युग आहे आणि आकडे सारे काही सांगतात. आकडे सांगतात हे खरे. परंतु जे लिहून ठेवले तेवढेच सांगतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय बास्केटबॉल लीगमध्ये, म्हणजे एन.बी.ए.मध्ये, प्रतिस्पर्ध्याची फेक हवेतच अडविणे किंवा त्याच्या हातून चेंडू काढून घेणे यांची अधिकृत नोंद १९७३-७४ च्या हंगामापासून होऊ लागली. आता बॉस्टन सेल्टिक्सचा बिल रसेल हा खेळाडू १९५६ ते १९६९ असे तेरा हंगाम खेळला आणि त्या तेरापैकी अकरा हंगामांत त्याच्या संघाने अजिंक्यपद पटकाविले. फेका अडविण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, असे त्याच्याबरोबर आणि विरुद्ध खेळलेले लोक सांगत आले. परंतु लीगच्या अधिकृत दप्तरात त्याने अडविलेल्या फेकांची संख्या शोधू गेल्यास ती कोठेच सापडणार नाही. ज्या कामात तो सर्वश्रेष्ठ होता, त्या कामाचा रकानाच तेव्हा नव्हता.

याच्या उलट बाजूला विल्ट चेंबरलेन. १९६१-६२ च्या हंगामात त्याने दर सामन्यास सरासरी ५०.४ गुण केले. २ मार्च १९६२ रोजी तर एकाच सामन्यात १०० गुण केले. गुणांच्या रकान्यात त्याच्या जवळपास फिरकणारा कोणी नव्हता; रसेलची सरासरी त्याच्या निम्मीही नव्हती. तरीही त्या हंगामातील सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवड झाली ती रसेलची. ही निवड त्या काळी खेळाडूच मतदान करून करीत असत, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे. जे रोज रात्री या दोघांशी झुंजत होते, त्यांनी रकान्यापलीकडचे पाहिले होते.

अलीकडे रकाने पुष्कळ वाढले आहेत. एखादा खेळाडू मैदानावर असताना संघाने किती गुण कमावले आणि किती गमावले, याची वजाबाकी आता प्रत्येक सामन्यानंतर छापली जाते. २०१३-१४ पासून लीगच्या सर्व मैदानांवर छतालगतचे कॅमेरे प्रत्येक खेळाडूची हालचाल टिपू लागले. सहकाऱ्याला दिलेला आडोसा, हाताने वळविलेला चेंडू यांसारख्या गोष्टींचीही आता मोजणी होते. हे सारे स्वागतार्ह आहे. परंतु वजाबाकीचा हा आकडा एका खेळाडूचा दिसत असला तरी तो दहा जणांचा असतो. चांगल्या चौघांबरोबर खेळणाऱ्या सामान्य खेळाडूचा आकडा फुगतो. प्रतिस्पर्ध्यांच्या उत्तम पाचांसमोर ज्याला वारंवार उभे केले जाते त्याचा आकडा खालावतो. शेकडो सामन्यांच्या नोंदी एकत्र केल्यावर हे दोष बरेचसे गाळले जातात. एका रात्रीच्या नोंदीतून ते गाळता येत नाहीत. आणि गुणपत्रिका तर एका रात्रीचीच असते.

ह्यूस्टन रॉकेट्स संघाच्या शेन बॅटियरची गोष्ट या संदर्भात उद्बोधक आहे. २००९ साली मायकेल लुइस या लेखकाने त्याच्यावर एक दीर्घ लेख लिहिला आणि त्यामुळे तो सर्वांना ठाऊक झाला. बॅटियर गुण थोडे करी, उसळते चेंडू थोडे पकडी. नेहमीच्या रकान्यांत तो अगदी बेताचा दिसे. परंतु तो खेळत असताना त्याचा संघ जिंकण्याची शक्यता वाढे. प्रतिस्पर्ध्यांचा सर्वोत्तम खेळाडू कोठून कमी अचूक फेकतो याचा अभ्यास करून तो त्याला नेमका त्या जागी ढकलीत नेई. कोबी ब्रायंटसारखा असामान्य खेळाडू समोर असला, तर बॅटियरचे यश म्हणजे ब्रायंटने काही फेका चुकविणे. आणि त्या चुका अर्थातच ब्रायंटच्या नावावर लिहिल्या जात.

दोन परीक्षक, एक उत्तरपत्रिका

येथून एक महत्त्वाचा मुद्दा निघतो. पराभूत खेळाडूची गुणपत्रिका ही पुष्कळ अंशी प्रतिस्पर्ध्याच्या कामगिरीची गुणपत्रिका असते. २०१५ च्या अंतिम मालिकेत हेच दोन संघ समोरासमोर होते. केव्हिन लव्ह आधीच जायबंदी झालेला. कायरी अर्व्हिंग पहिल्याच सामन्यात जायबंदी झाला. उरलेल्या संघाचा भार जेम्सने वाहिला. दर सामन्यास सरासरी ३५.८ गुण, १३.३ रिबाउंड आणि ८.८ असिस्ट. क्लीव्हलँडने मालिका ४-२ अशी गमावली. आता या उत्तरपत्रिकेला गुण किती द्यावयाचे? एक परीक्षक म्हणेल की, पडत्या घराचा एकच खांब शेवटपर्यंत उभा राहिला. पूर्ण गुण द्या. दुसरा म्हणेल की, त्याने मैदानी खेळातून केलेल्या फेकांपैकी ३९.८ टक्केच साधल्या, म्हणजे दहातल्या सहा फुकट गेल्या, गुण कापा. दोघेही एकच कागद वाचीत आहेत. परंतु फेका इतक्या फुकट का गेल्या? एक तर फेकणारे दुसरे हातच शिल्लक नव्हते, म्हणून न साधणाऱ्या जागेवरूनही त्यालाच फेकावे लागले. आणि दुसरे, त्याच्यासमोर आंद्रे इग्वोडाला उभा होता.

त्या मालिकेतील सर्वोत्तम खेळाडूचा मान याच इग्वोडालाला मिळाला. अकरा मतांपैकी सात त्याला आणि चार पराभूत संघातील जेम्सला. त्या साऱ्या हंगामात इग्वोडाला एकाही साखळी सामन्यात सुरुवातीच्या पाचांत नव्हता. वॉरिअर्स २-१ असे मागे पडल्यावर चौथ्या सामन्यात प्रशिक्षक स्टीव्ह कर यांनी त्याला प्रथमच सुरुवातीपासून उतरविले आणि मालिकेचा नूर पालटला. ही कल्पना आपली नव्हे, आपल्या हाताखालील निक युरेन या तरुण सहायकाची, असे कर यांनी नंतर उघडपणे सांगितले. सामन्याच्या कोणत्याही तक्त्यात युरेनच्या नावाचा रकाना नाही.

निकालाची सावली

मोजमापातील दुसरा दोष याहून सूक्ष्म आहे. निकाल कळल्यावर त्याची सावली मागे पडते आणि जे घडले ते सारे त्या सावलीतच दिसू लागते. जोनाथन बॅरन आणि जॉन हर्शी यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात लोकांपुढे शस्त्रक्रियेचे प्रसंग मांडले होते. उपलब्ध माहिती तीच, धोका तोच, डॉक्टरचा निर्णयही तोच. फक्त कोठे रोगी वाचला असे सांगितले, कोठे दगावला असे. रोगी वाचल्याचे ऐकणाऱ्यांनी तोच निर्णय अधिक चांगला ठरविला. वस्तुतः निर्णयाचा चांगलेवाईटपणा तो घेतला त्या क्षणीच ठरलेला असतो. पुढे काय झाले यावर तो बदलावयास नको.

बास्केटबॉलच्या इतिहासात याचे लखलखीत उदाहरण ५ मे १९६९ रोजी घडले. लॉस एंजल्स लेकर्स आणि बॉस्टन सेल्टिक्स यांच्यातील अंतिम मालिकेचा सातवा व निर्णायक सामना. अखेरच्या मिनिटांत लेकर्स अगदी एका गुणाच्या अंतरावर येऊन ठेपले होते, तर बॉस्टनचा हॅव्हलिचेक चेंडू खेळवीत होता. लेकर्सच्या कीथ एरिक्सनने मागून येऊन त्याच्या हातातील चेंडू नेमका टोलवला. करावयास हवे तेच त्याने केले, आणि उत्तम केले. परंतु तो चेंडू थेट बॉस्टनच्या डॉन नेल्सनच्या हाती गेला. नेल्सनने घाईघाईने फेकला. तो कड्याच्या मागच्या बाजूवर आपटून सरळ वर उडाला आणि खाली येताना टोपलीत पडला. बॉस्टनने सामना १०८-१०६ असा जिंकला. एरिक्सनला त्या क्षणासाठी कोणती श्रेणी द्यावयाची? कृती पाहिली तर पहिली, परिणाम पाहिला तर शेवटची. आणि या दोहोंमधील अंतर लोखंडी कड्यावरील एका उशीएवढे.

त्या मालिकेत आणखी एक गोष्ट घडली. अंतिम मालिकेतील सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार त्या वर्षी प्रथमच सुरू झाला आणि तो मिळाला पराभूत संघातील जेरी वेस्टला. त्याने मालिकेत सरासरी ३७.९ गुण केले होते; अखेरच्या सामन्यात ४२ गुण, १३ रिबाउंड आणि १२ असिस्ट अशी कामगिरी केली होती. त्यानंतर आजवर पराभूत संघातील दुसऱ्या कोणालाही हा मान मिळालेला नाही. निकालाची सावली बाजूला सारून पाहणे माणसाला अशक्य नाही, हे त्या निवडीने सिद्ध केले. आणि ते किती दुर्मीळ आहे, हे पुढच्या अर्धशतकाहून अधिक काळाने. खुद्द वेस्टला त्या पुरस्काराने समाधान लाभले नाही. बॉस्टनकडून अंतिम मालिकेत पत्करलेला तो त्याचा सहावा पराभव होता. त्याची जखम जन्मभर भरली नाही, असे त्याच्या आत्मचरित्रावरून दिसते. एकट्याला मिळालेली पहिली श्रेणी संघाच्या अपयशाची भरपाई करू शकत नाही, हे दुसऱ्या कोणी त्याला शिकविण्याची गरज नव्हती.

मोजमापाचा उलटा परिणाम

गुणपत्रिका केवळ वर्तन मोजत नाही; ती वर्तन घडवितेही. मोजमापाच्या दृष्टीने हा सर्वांत मोठा धोका होय. १९७५ साली स्टीव्हन कर या व्यवस्थापनशास्त्रज्ञाने एका निबंधात दाखवून दिले की, संस्था पुष्कळदा बक्षीस देतात एका गोष्टीला आणि आशा धरतात दुसऱ्याच गोष्टीची. हे कर वॉरिअर्सच्या प्रशिक्षकांहून निराळे. साम्य केवळ नावाचे. बास्केटबॉलमध्ये याची प्रचीती एका क्षुल्लक वाटणाऱ्या प्रकारात येते. खेळाच्या एखाद्या पर्वाचे शेवटचे दोन-तीन सेकंद उरले असता चेंडू अर्ध्या मैदानापलीकडून टोपलीकडे भिरकावण्यात संघाचे काहीच नुकसान नसते. लागला तर तीन गुण, चुकला तर बिघडले काय? परंतु खेळाडूचे मात्र बिघडते. चुकलेली फेक त्याच्या नावावर पडते आणि अचूकतेची टक्केवारी घसरते. म्हणून कित्येक खेळाडू अशा वेळी वेळ संपल्याचा भोंगा वाजेपर्यंत चेंडू हातातच धरून ठेवीत. अखेर २०२५-२६ च्या हंगामापासून अशी चुकलेली लांब फेक खेळाडूऐवजी संघाच्या नावावर लिहावी, असे लीगने ठरविले. खेळाडूंना निःस्वार्थीपणाचा उपदेश करण्यापेक्षा लिहिण्याची पद्धत बदलणे, हा उपाय अधिक शहाणपणाचा म्हटला पाहिजे.

मग मोजावे कसे?

अल्चियन आणि डेमसेट्झ यांनी आपल्या पेचाचे एक उत्तरही सुचविले होते. मालाच्या वजनावरून हमालांचे श्रम कळत नसतील, तर श्रम करतानाच त्यांच्याकडे पाहणारा कोणी हवा. म्हणजे फळाऐवजी कृती पाहणारा. संघाचा प्रशिक्षक सामन्यानंतर चित्रफीत पुनःपुन्हा पाहतो तो याच कारणासाठी. अमुक खेळाडूस कोणते काम नेमून दिले होते, हे त्याला ठाऊक असते. बाहेरच्या परीक्षकाला ते ठाऊक नसते. कोपऱ्यात नुसते उभे राहा असे ज्याला सांगितले होते, तो हललाच नाही म्हणून त्याचे गुण कापणे हे प्रश्नपत्रिका न वाचता उत्तरपत्रिका तपासण्यासारखे आहे.

यावरून चार गोष्टी सुचतात. मोजमाप नेमून दिलेल्या कामाचे असावे, केवळ निकालाचे नव्हे. ते एका दिवसाचे नसावे. दीर्घ काळाचे असावे, म्हणजे दैवाचा भाग आपोआप गळून जाईल. त्यात काम नेमून देणाऱ्याचीही तपासणी असावी. कारण चुकीच्या जागी उभा केलेला खेळाडू नापास होतो, तेव्हा खरा नापास झालेला असतो तो उभा करणारा. आणि ज्याचे मोजमाप झाले, त्याला ते दाखविले जावे व उत्तर देण्याची संधी मिळावी.

ही शेवटची अट आपल्याकडील कारकून, शिक्षक आणि सरकारी नोकर यांना विशेष जाणवेल. वर्षानुवर्षे त्यांची गुणपत्रिका ‘गोपनीय अहवाल’ या नावाने, त्यांच्या पाठीमागे लिहिली गेली. वाईट शेरा तेवढा कळविण्याची प्रथा होती. ‘साधारण’ किंवा ‘चांगला’ असा शेरा बढतीच्या वेळी आड आला, तरी तो कळत नसे. २००८ साली देव दत्त यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, अहवालातील प्रत्येक नोंद, मग ती कोणत्याही प्रतीची असो, संबंधित कर्मचाऱ्यास कळविली गेलीच पाहिजे. उत्तर देण्याचा हक्क कायद्याने मिळाला. परंतु कशाचे मोजमाप करावयाचे, हा प्रश्न उरलाच आहे. एखाद्या शाळेचा दहावीचा निकाल घसरला की त्या वर्षीच्या गणिताच्या शिक्षकाकडे बोट दाखविले जाते. पाचवीपासून त्या मुलांच्या वर्गाला वर्षातले किती महिने शिक्षकच नव्हता, याचा रकाना निकालपत्रात नसतो. कचेरीत फाइल अडकली की ती ज्याच्या टेबलावर सापडते तो दोषी ठरतो. आधीच्या चार टेबलांवर ती किती दिवस होती, हे सहसा कोणी पाहत नाही. चेंडू ज्याच्या हाती असताना भोंगा वाजला, तो स्मिथ.

जबाबदारी ठरवू नये, असा याचा अर्थ नाही. स्मिथची चूक ही चूकच होती. जेथे एकाचा निष्काळजीपणा स्वच्छ दिसतो, तेथे संघभावनेचे पांघरूण घालणे हा इतरांवर अन्याय आहे. परंतु चुकीचे माप चुकीएवढेच असावे. चार-पाच सेकंदांची चूक सबंध सामन्याचे कारण म्हणून नोंदली जाते, आणि सामन्याचे कारण सबंध माणसाचे वर्णन होऊन बसते, तेव्हा मोजमाप संपलेले असते आणि बळी देणे सुरू झालेले असते. बळी देण्याची एक मोठी सोय असते : त्यानंतर व्यवस्थेतील दुसरे काहीही दुरुस्त करावे लागत नाही.

स्मिथची कहाणी त्या रात्रीने संपली नाही. तो २०१६ साली क्लीव्हलँडच्या आणि २०२० साली लॉस एंजल्सच्या अजिंक्य संघांत होता. हे मात्र फार थोड्यांच्या स्मरणात आहे. शाळेतून थेट व्यावसायिक खेळात गेलेल्या या मनुष्याने २०२१ साली, वयाची पस्तिशी उलटल्यावर, नॉर्थ कॅरोलायना ए अँड टी या विद्यापीठात पदवीच्या अभ्यासक्रमास नाव घातले. पहिल्या सत्राच्या अखेरीस त्याच्या हाती गुणपत्रिका पडली, तेव्हा तीत ४ पैकी ४ अशी पूर्ण सरासरी होती. त्या उत्तरपत्रिका त्याने एकट्याने लिहिल्या होत्या. त्यांचे गुण एकट्याच्या नावावर मांडण्यास कोणाचीच हरकत असण्याचे कारण नाही.